हवेवर उभी असलेली मोटार



चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते अशा मोठ्या मोटारी, ज्यांस आपण इंग्रजीवरून ‘फोर-व्हील-ड्राइव्ह’ म्हणतों, आतां आमच्या गारगोटीसारख्या तालुक्याच्या गांवींही दिसूं लागल्या आहेत. त्यांपैकीं कांहीं गाड्या लोखंडी स्प्रिंगवर उभ्या नसतात. त्या कोंडलेल्या हवेवर उभ्या असतात. रात्रीं ताठ उभी केलेली अशी गाडी सकाळीं एका कुशीवर कललेली आढळली, आणि किल्ली फिरवितांच समोर पिवळा दिवा लागला, म्हणजे धन्याच्या तोंडचें पाणी पळतें. दोष कोठें आहे हें त्यास कळत नाहीं. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी, कीं पुष्कळ वेळां तो दुरुस्त करणारासही कळलेला नसतो. हा दोष शांतपणें, क्रमानें व थोड्या खर्चांत कसा ओळखावा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी स्वतः मेकॅनिक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि गणित व शास्त्र हे विषय शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु माझे कांहीं जुने विद्यार्थी आज गॅरेजें चालवितात, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळ जाऊन बसण्याचा मला छंद लागला आहे. तेथें मला असें दिसून आलें, कीं यंत्राचा दोष शोधणें आणि विद्यार्थ्याच्या उदाहरणांतील चूक शोधणें हीं दोन्हीं कामें एकाच जातीचीं आहेत. उत्तर चुकलें म्हणून केवळ शेवटची ओळ खोडून भागत नाहीं. चूक कोणत्या पायरीवर झाली तें पाहावें लागतें.

कोणी म्हणेल, ‘असल्या श्रीमंती गाडीशीं आम्हां मध्यमवर्गीयांचा संबंध काय?’ संबंध आहे. नव्या गाडीची किंमत आपल्या आवांक्याबाहेरची खरी. पण आठ-दहा वर्षें वापरलेली तीच गाडी पुष्कळ उतरलेल्या किंमतीस मिळते, आणि हौसेनें घेतली जाते. किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाहीं. दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्याच मापानें येतो. म्हणून अशा घरांत एका चुकीच्या निदानानें वर्षाची शिल्लक नाहींशी होऊं शकते.

प्रथम ही हवेची कल्पना आली कोठून तें थोडक्यांत पाहूं. बैलगाडीस स्प्रिंग नसे, म्हणून रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाराच्या हाडांपर्यंत पोंचे. टांग्यास पोलादी पट्ट्यांची कमान आली. ट्रकच्या खालीं आजही तशाच कमानी पाहावयास मिळतात. पुढें मोटारीस वेटोळ्याची स्प्रिंग मिळाली. परंतु पोलादाची स्प्रिंग एका ठराविक ओझ्याच्या अंदाजानें घडविलेली असते; माणसें व सामान वाढलें, कीं गाडी खालीं बसते. हवेचें तसें नाहीं. ओझें वाढलें तर थोडी हवा अधिक भरावी, आणि गाडी पूर्वीच्याच उंचीवर आणावी. ओढ्यांतून जावयाचें असेल तर गाडी उंच करावी, आणि म्हातारीं माणसें चढावयाचीं असतील तर खालीं बसवावी.

1888 सालीं जॉन बॉइड डनलॉप ह्यानें चाकाच्या धांवेंत हवा कोंडली. पुढें तोच विचार चाकावरील सांगाड्यास लागू झाला. 1957 सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम ह्या अमेरिकन गाडीस हवेचें सस्पेन्शन होतें. पण गळतीच्या त्रासानें पुष्कळ धन्यांनीं तें काढून टाकून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. 1992 सालीं इंग्लंडांतील रेंज रोव्हर ह्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीस विजेच्या नियंत्रणाखालील हवेचें सस्पेन्शन आलें, आणि खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत ह्या पद्धतीचा प्रवेश झाला. पुढें 2008 सालीं ती कंपनी टाटांनीं घेतली. 2011 पासून तिच्या कांहीं गाड्या पुण्यास जोडल्या जाऊं लागल्या, आणि 2024 सालीं खुद्द रेंज रोव्हरही पुण्यास तयार होणार असें जाहीर झालें. चाकण येथें मर्सिडीझची जी. एल. एस. आणि छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें ऑडीची क्यू-सेव्हन ह्या हवेवर उभ्या राहणाऱ्या गाड्याही महाराष्ट्रांतच जोडल्या गेल्या आहेत. आणि मुंबई-पुणें मार्गावरील शिवनेरी बसमधून आपण गेलां असाल, तर हवेवर बसून प्रवास करण्याचा अनुभव आपणांसही आहे.

हवा एवढें वजन कसें पेलते, हें साध्या गणितानें कळतें. समजा, गाडीचें वजन 2400 किलो आहे. तें चारही कोपऱ्यांवर सारखें वांटलें, तर एकेका कोपऱ्यावर 600 किलो येतें. हवेच्या पिशवीचा भार पेलणारा पृष्ठभाग 75 चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर 8 किलोंचा दाब पाहिजे. मोटारीच्या टायरमध्यें आपण जो दाब ठेवतों, त्याच्या तिपटीहून हा अधिक झाला. रबराच्या पिशवीनें तो रात्रंदिवस, उन्हापावसांत, खड्ड्याखड्ड्यागणिक वाकत राहून धरून ठेवावयाचा असतो. तेव्हां ती कधींतरी गळूं लागते ह्यांत नवल नाहीं. इतकीं वर्षें ती गळत नाहीं हेंच नवल.

ह्या व्यवस्थेचीं अंगें मोजकींच आहेत. चार कोपऱ्यांवर चार रबरी पिशव्या. कारागीर त्यांस कोणी ‘बलून’ म्हणतात, कोणी ‘बेलो’. त्यांत हवा भरणारा विजेचा पंप, म्हणजे कंप्रेसर. त्याच्याच अंगाशीं हवेंतील ओल शोषून घेणारे दाणे भरलेली एक डबी असते, तिला ड्रायर म्हणतात. दाबाखालील हवा सांठवून ठेवणारी एक टाकी. हवा कोणत्या पिशवीस द्यावयाची व कोणत्या पिशवींतून काढावयाची, तो मार्ग उघडणारा व मिटणारा झडपांचा ठोकळा. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर; त्यास एक लहानशी दांडी असते, ती चाकाबरोबर वरखालीं हलते. आणि ह्या सर्वांवर देखरेख करणारा एक लहानसा संगणक. हीं सारीं अंगें पेन्सिलीहून बारीक अशा प्लॅस्टिकच्या नळ्यांनीं व विजेच्या तारांनीं एकमेकांशीं जोडलेलीं असतात. सेन्सर उंची सांगतो. ती कमी असेल तर संगणक झडप उघडून हवा देतो, अधिक असेल तर सोडून देतो. आणि टाकींतील सांठा उतरला कीं पंप चालू करतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं अशीच एक वापरलेली गाडी घेतली. एका पावसाळ्यांत तिचा मागचा उजवा कोपरा सकाळीं खालीं बसलेला दिसूं लागला. कांहीं दिवस ती इंजिन चालू करतांच उठे, म्हणून त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. नंतर ती उठेनाशी झाली. एका मोठ्या शहरांतील वर्कशॉपनें तपासणीचें यंत्र लाविलें; ‘पंप पुरेसा दाब देत नाहीं’ असा निकाल निघाला, आणि पंप बदलण्यांत आला. गाडी उभी राहिली; बिलही तसेंच भलेंमोठें झालें. पांच महिन्यांनीं नवा पंपही जळाला. मग ती गाडी माझ्या एका विद्यार्थ्याकडे आली. त्यानें पंपास हातसुद्धां न लावतां, साबणाचें पाणी घेऊन मागची उजवी पिशवी तपासली. तिच्या खालच्या घडींत केसाएवढी चीर होती. तो मला म्हणाला, ‘गुरुजी, पंप मेला हें खरं, पण त्याला मारला कुणी, हें कुणी बघितलंच नाहीं.’

ह्या एका वाक्यांत आजच्या भाषणाचें सार आहे. हा पंप घटकाभर चालून बराच वेळ विश्रांति घेण्याच्या हिशेबानें केलेला असतो. पिशवी गळूं लागली, कीं त्यास वारंवार व अधिक काळ चालावें लागतें. तो तापतो, त्याच्या दट्ट्यावरील कडी झिजते, शेवटीं दाब देण्याची त्याची शक्ति जाते. यंत्र तपासणारास तेव्हां पंप दुबळा दिसतो, आणि तें खोटेंही नसतें. पण तें कारण नव्हे, कार्य होय. कारण तसेंच ठेवून कार्य बदललें, तर नवा पंपही जुन्याच्याच वाटेनें जातो.

निदानास लागण्यापूर्वीं एक सूचना अत्यंत आग्रहानें सांगितली पाहिजे. केवळ हवेच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींही, क्षणभरसुद्धां, डोकें वा हात घालूं नये. एखादी नळी निसटली, किंवा आंत बसलेल्या मुलानें बटण दाबलें, तर दोन टनांहून जड सांगाडा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच खालीं येतो. जॅकवरही विसंबूं नये. गाडीच्या सांगाड्याखालीं मजबूत लोखंडी स्टँड लावूनच काम करावें. जॅक लावण्यापूर्वीं उंची आपोआप बदलण्याची व्यवस्था बंद करावयाची असते. ती कशी बंद करावी, हें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. आणि दाबाखालील नळी हवा काढल्यावांचून सोडूं नये; ती डोळ्यावर उसळते. पैशाचें नुकसान भरून येतें, हें नुकसान भरून येत नाहीं.

आतां क्रमानें निघूं. पहिली तपासणी बॅटरीची. कांहीं तास उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू असतां सुमारें 14 व्होल्ट असावा. बॅटरी क्षीण असली, कीं संगणक नसत्या तक्रारी करूं लागतो, आणि आपण हवेंत नसलेला दोष हवेंत शोधीत बसतों. त्याबरोबरच सस्पेन्शनचा फ्यूज पाहून घ्यावा. ह्या दोन गोष्टींस दहा मिनिटें लागतात.

दुसरी तपासणी उंचीची. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, आणि टेपनें प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून वहींत लिहून ठेवावें. जमिनीपासून मोजूं नये. कारण टायरमध्यें हवा कमी असली, तर तें माप आपणांस फसवितें. चार आंकडे लिहून झाले, कीं सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा आणि गाडी रात्रभर तशीच राहूं द्यावी. सकाळीं पुन्हां चार आंकडे घ्यावे.

फ्यूज कां काढावयाचा, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कांहीं गाड्यांत धनी झोंपला तरी संगणक झोंपत नाहीं. कांहीं तासांनीं तो आपण होऊन जागा होतो, चारही कोपऱ्यांची उंची पाहतो, आणि एक कोपरा खचलेला असेल तर गाडी वांकडी दिसूं नये म्हणून बाकीचे तीनही त्याच्या पातळीवर उतरवितो. सकाळीं पाहावें तों चारही कोपरे खालीं! चोर एक, आणि शिक्षा चौघांस. मग मालक म्हणतो, ‘चारही बलून गेले’, आणि विकणाराही त्यास होकार देतो. फ्यूज काढला म्हणजे झडपा मिटलेल्याच राहतात, आणि जी पिशवी गळते तीच खचते.

सकाळचे आंकडे संध्याकाळच्या आंकड्यांशीं ताडून पाहतांना निसर्गाचा वांटा वजा करावा. संध्याकाळीं हवा 35 अंश असेल व पहाटे 20 अंश, तर निरपेक्ष तापमानाच्या मापानें ती 308 वरून 293 वर आली. म्हणजे तिचें आकारमान सुमारें विसाव्या हिश्शानें आटलें. म्हणून चारही कोपरे सारखेच कांहीं मिलिमीटर उतरले, तर तो रोग नव्हे, थंडीचा परिणाम होय. परंतु तीन कोपरे 5 मिलिमीटर उतरले आणि चौथा 40 मिलिमीटर, तर आपला गुन्हेगार सांपडला. एकाच आंसावरील दोन्ही कोपरे बरोबर खालीं आले असतील, तर दोन्ही पिशव्या एकाच रात्रीं फाटल्या असें मानण्यापेक्षां, झडपांच्या ठोकळ्यावर प्रथम संशय धरावा.

येथपर्यंत आल्यावर दोनच प्रश्न विचारावे. पहिला: फ्यूज काढून ठेविलेली गाडी रात्रींत खचते काय? दुसरा: फ्यूज परत घालून, इंजिन चालू करून, बटणानें तिला वर उठण्यास सांगितलें असतां ती नेहमींच्या वेळांत उठते काय? ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांच्या चारच जोड्या होतात.

गाडी खचते, पण झटकन् उठते. तर गळती आहे आणि पंप अजून धडधाकट आहे. हीच वेळ दुरुस्तीची, कारण ह्या अवस्थेंत दोष स्वस्तांत निघतो. गाडी खचत नाहीं, पण उठतही नाहीं, किंवा फार सावकाश उठते. तर पंप, त्याची जाळी, त्याचा ड्रायर किंवा त्यास वीज देणारा रिले, ह्यांपैकीं एकांत दोष आहे. गाडी खचतेही आणि उठतही नाहीं. तर दोन्हीं अंगें बिघडलीं आहेत, परंतु गळती आधीं काढावी आणि पंपाकडे मागून वळावें. आणि चौथी जोडी, ती खचतही नाहीं, उठतेही नीट, तरीही दिवा लागतो किंवा चालतां चालतां ती एका अंगास कलते; तर हवा निर्दोष आहे, दोष सेन्सरांत वा तारांत आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर, गाडी झोंपेंत खचते ती हवेच्या गळतीनें. जागेपणीं वांकडी होते ती चुकीच्या मापानें.

गळती शोधण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडवून बुडबुडा कोठून येतो तें आपण लहानपणीं पाहत आलों. मोटार घमेल्यांत बुडवितां येत नाहीं, म्हणून पाणीच तिच्याकडे न्यावयाचें. धुण्याचा साबण पाण्यांत दाट घोळून तो फवाऱ्यानें किंवा ब्रशानें संशयित जागीं लावावा. पिशवीच्या खालच्या घडीवर, नळी पिशवींत शिरते त्या जोडावर, आणि झडपांच्या ठोकळ्याच्या प्रत्येक नळीच्या तोंडावर तो लावून दोन-तीन मिनिटें स्वस्थ पाहत राहावें. घाई करूं नये. बारीक गळतीस मोठा बुडबुडा येत नाहीं, पांढरा फेंस मुंगीच्या पावलानें वाढतो. कांहीं वेळां चीर घडींत दडलेली असते आणि एका ठराविक उंचीवरच उघडते. म्हणून ही परीक्षा गाडी नेहमींच्या उंचीवर असतां एकदां, आणि उंच केलेली असतां एकदां, अशी दोन वेळां करावी. अर्थात् दोन्ही वेळां खालीं स्टँड हवाच.

गळती नळीच्या जोडांत निघाली, तर पुष्कळदां नळीचें झिजलेलें टोंक सरळ कापून नव्या जोडांत बसविलें कीं काम भागतें. पिशवीस चीर असेल, तर मात्र तिला ट्यूबप्रमाणें ठिगळ लावूं नये. इतक्या दाबाखालीं, दर क्षणीं वाकणाऱ्या रबरावर तें टिकत नाहीं. पिशवी बदलावी, आणि त्याच आंसावरील दुसरी पिशवीही बारकाईनें तपासावी, कारण दोघींचें वय व श्रम सारखेच असतात.

पंपाची परीक्षा घड्याळ व कान ह्यांनीं होते. तो किती मिनिटें चालतो, किती वेळां चालतो, आणि त्याचा आवाज पूर्वीसारखा आहे कीं घरघरता झाला आहे, हें लिहून ठेवावें. तो मुळींच चालत नसेल, तर त्यास दोषी ठरविण्यापूर्वीं त्याच्यापर्यंत वीज पोंचते काय हें पाहावें. रिले हा आगपेटीहून लहान आणि पंपाच्या मानानें अगदींच स्वस्त असा भाग आहे. ह्या रिलेचें एक दुखणें विशेष घातक आहे. त्याचीं आंतील टोंकें तापून कधीं कधीं एकमेकांस चिकटतात, आणि मग किल्ली काढून घेतली तरी पंप चालतच राहतो. गाडी बंद केल्यावरही खालून घरघर ऐकूं येत राहिली, तर विलंब न लावतां फ्यूज काढावा; नाहींतर पंप जळेल आणि बॅटरीही रिकामी होईल.

ड्रायरकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्यांतील दाणे ओल शोषून शोषून जुने झाले, कीं फुटून त्यांची पांढरी भुकटी होते. ती नळ्यांतून जाऊन झडपांत बसते. झडप पुरती मिटत नाहीं, आणि हवा निसटते. म्हणून पंप बदलण्याची खरोखरच वेळ आली, तर ड्रायर व रिले हेही बदलून घ्यावे, आणि जुन्या ड्रायरमधून भुकटी निघाली तर झडपांचा ठोकळाही तपासण्यास सांगावें. आमच्या बाजूच्या दमट पावसाळ्यांत ही काळजी अधिकच घेतली पाहिजे.

सेन्सरचे दोष निराळ्या प्रकारचे असतात. त्याची दांडी दगड लागून वांकते, तिचा सांधा चिखलानें आंवळतो, किंवा तारेच्या जोडांत पाणी शिरून हिरवट गंज चढतो. गाडी खरोखर सरळ असतां सेन्सर ‘खालीं आहे’ असें सांगतो. संगणक बिचारा त्या कोपऱ्यांत हवा भरूं लागतो, आणि सरळ गाडी वांकडी होते. अशा वेळीं खड्ड्यांतून जातांना दिवा लागतो व पुढें विझतो, ही खूण लक्षांत ठेवावी. दांडी हातानें हलवून पाहावी, जोड उघडून पुसावा. सेन्सर बदलला किंवा खोलून पुन्हां बसविला, तर त्याचें माप संगणकास नव्यानें शिकवावें लागतें. हें न केल्यामुळें दुरुस्त झालेली गाडीही वांकडीच उभी राहते.

आतां तपासणीच्या यंत्राविषयीं. संगणकांत सांठलेल्या तक्रारी वाचून दाखविणारीं स्कॅनर नांवाचीं यंत्रें आज गांवोगांवच्या गॅरेजांत आलीं आहेत, आणि तीं उपयुक्त आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु स्कॅनर हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ‘दाब वाढण्यास फार वेळ लागला’ एवढेंच तो सांगतो. तो वेळ पंप दुबळा म्हणून लागला, कीं पिशवी गळते म्हणून, कीं जाळी तुंबली म्हणून, हें ठरविणें माणसाच्या बुद्धीचें काम आहे. जुन्या तक्रारीही त्यांत पडून असतात. म्हणून त्या लिहून घेऊन पुसून टाकाव्या, गाडी दोन दिवस चालवावी, आणि कोणती तक्रार परत येते तें पाहावें. परत येणारी तक्रारच खरी.

आमच्या भुदरगड तालुक्यापुरतें थोडें बोलतों. वेदगंगेच्या ह्या खोऱ्यांत पाऊस भरपूर, आणि पश्चिमेस डोंगराकडे जावें तों मातींत जांभ्याची खर मिसळलेली. राधानगरीवरून फोंडा घाट किंवा आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून कोंकणांत जाऊन आलेल्या गाडीच्या अंगाखालीं हा तांबडा चिखल भरलेला असतो. वरचा पत्रा आपण आरशासारखा पुसतों, पण पिशवीच्या घडींत राहिलेला चिखल वाळून त्याचा कानसासारखा उपयोग होतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर तो रबर खातो. म्हणून प्रवासाहून आल्यावर गाडी उंच करून, खालीं न शिरतां, बाहेरूनच बेताच्या धारेनें त्या घड्या धुवाव्या. फार जोराची धार जोडांत व सेन्सरांत पाणी घुसविते. उंसाच्या फडाजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारीं गाडी बरेच दिवस उभी राहत असेल, तर उंदरांनीं नळ्या-तारा कुरतडल्या नाहींत ना, हेंही पाहावें.

गाडी वाटेंतच खचली तर काय करावें? खचलेल्या गाडीच्या चाकास वर जाण्यास जागा उरत नाहीं. टायर मडगार्डला घांसूं शकतो, आणि प्रत्येक धक्का सरळ सांगाड्यावर बसतो. अशा स्थितींत घाट उतरण्याचें धाडस करूं नये. सुरक्षित जागीं थांबून टायर मोकळा फिरतो काय हें पाहावें. तो घांसत नसेल तरच अगदीं सावकाश जवळच्या गांवापर्यंत जावें. घांसत असेल तर गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

कंटाळून कित्येक जण हवेचें सस्पेन्शन काढून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतात. 1957 च्या त्या अमेरिकन गाडीच्या धन्यांनीं तेंच केलें होतें. फार जुन्या गाडीस तो मार्ग असूं शकतो. पण त्याबरोबर उंची बदलण्याची सोय जाते, गाडीचें वळणावरील वागणें बदलतें, आणि संगणकास समजाविण्याचा प्रश्न उरतोच. तेव्हां तो निर्णय निदान झाल्यावर घ्यावा, निदान होत नाहीं म्हणून घेऊं नये.

शेवटीं एवढेंच सांगतों. आपण स्वतः पाना हातांत घ्यावा असें माझें म्हणणें नाहीं. परंतु कारागिराकडे जातांना ‘गाडी खराब झाली’ एवढेंच न म्हणतां, संध्याकाळचे व सकाळचे आठ आंकडे, पंप किती वेळ चालला तें, आणि दिवा केव्हां लागतो तें, लिहिलेला कागद घेऊन जावें. प्रामाणिक कारागिरास त्यामुळें निम्मी वाट मोकळी होते, आणि घाई करणारास थोडा धाक बसतो. ‘पंप बदलावा लागेल’ असें कोणी म्हणाला, तर नम्रपणें एकच प्रश्न विचारावा: ‘दादा, तो कशानें गेला?’ उत्तर मिळालें तर पैसे अवश्य द्यावे. उत्तर मिळालें नाहीं, तर दोन आण्यांचा जुना हिशेब सोडा, पण साबणाचें पाणी आजही स्वस्तच आहे. तें आधीं वापरून पाहावें.